मोठ्या फर्ममधली आर्टिकलशिप आणि इंटर्नशिप : खानदेशातून नेहमी येणारे प्रश्न

सीए इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर, शिरपूरकडून फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी मुंबईत एका मोठ्या सीए फर्मच्या ऑडिट विभागात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, केली, त्यामुळे ऑडिटबद्दल जास्त बोलणार. टॅक्स आणि कन्सल्टिंगचं जे आहे ते बॅचच्या मुलामुलींकडून ऐकलेलं.

"बिग फोर"ची ऑफर आली, पण लेटरवर नाव भलतंच आहे. फसवणूक तर नाही ना?

बहुतेक वेळा नसते. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या त्या चार. २००२ पर्यंत आर्थर अँडरसन धरून पाच होत्या. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या हिशेबांच्या घोटाळ्यात पाचवी गेली. भारतात कंपन्यांचं ऑडिट मात्र या जागतिक नावांनी होत नाही, इन्स्टिट्यूटकडे (सीएंची देशातली संस्था, आयसीएआय) नोंदलेल्या सीए फर्मच्या नावाने होतं. म्हणून ईवायच्या गोटातली ऑडिट फर्म एस. आर. बाटलीबॉय, केपीएमजीची बी. एस. आर., पीडब्ल्यूसीची प्राइस वॉटरहाउस, डेलॉइटची डेलॉइट हास्किन्स अँड सेल्स. चारच्या बाहेर ग्रँट थॉर्नटनची वॉकर चांडिओक आणि बीडीओची एमएसकेए आहे, आणि तिथलं काम कुठल्याही अर्थाने हलकं नसतं.

आर्टिकलशिप प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखालीच होते. तेव्हा लेटरवर प्रिन्सिपल (म्हणजे तो सीए) कोण आणि फर्म कोणती हे बघा, मेंबरशिप नंबर विचारा. परदेशी फर्मचं काम इथे बसून करणारी जी मोठी सेंटर आहेत, त्यांची ऑफर ही वेगळी गोष्ट. बी.कॉम. झालेल्यांना ती पगाराची नोकरी म्हणून चांगली असते, पण सीए करणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ करू नये.

आणि लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, "सीट बुक" करायचे पैसे असं काही मागितलं, की फोन ठेवून द्या. खरी फर्म तुमच्याकडून एक रुपया घेत नाही.

आर्टिकलशिप म्हणजेच इंटर्नशिप का?

घरी सांगायला चालेल. नियमात फरक आहे. आर्टिकलशिप हा सीएच्या अभ्यासक्रमाचाच भाग. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली, आधी तीन होती. इंटरचे दोन्ही ग्रुप निघालेले हवेत आणि आर्टिकलशिप सुरू व्हायच्या आधी आयटी व ओरिएंटेशनचे कोर्स झालेले हवेत. एमबीएवाल्यांची इंटर्नशिप उन्हाळ्यात साधारण दोन महिन्यांची असते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आलं आहे, त्यासाठी मोठ्या फर्मच्या मागे लागण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तेवढ्या तासांत तिथे तुमचा लॉगिन चालू होईतो निम्मा वेळ जाईल. गावातल्या सीएंच्या ऑफिसात बसा, काम हाताला लागेल.

जळगावच्या ओळखीच्या सीएंकडे करू की मुंबई-पुण्याला जाऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि "मोठं नाव लागतं म्हणून जा" हे त्याचं उत्तर मला पटत नाही.

जळगाव-धुळ्याच्या ऑफिसात दोन वर्षांत काय होतं ते बघा. जीएसटीची रिटर्न, आडत दुकानदाराचा टॅक्स ऑडिट, पतसंस्थेचं ऑडिट, एप्रिलमध्ये बँकेच्या शाखेचं ऑडिट, शाळेच्या ट्रस्टचे हिशेब, कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट. अशील समोर बसलेलं असतं, नोटीस आली की तेच फाइल घेऊन येतं आणि सर तुम्हालाच उत्तराचा मसुदा करायला लावतात. दोन वर्षांनी एखाद्या धंद्याचं सगळं पुस्तक उभं करता येतं.

मोठ्या फर्ममध्ये पहिलं वर्ष एकाच कंपनीच्या स्थिर मालमत्तेवर किंवा खरेदीच्या बिलांवर जाऊ शकतं. रिटर्न भरायला शिकाल याची खात्री नाही. माझ्या बॅचमध्ये काहींनी दोन वर्षांत एकही रिटर्न भरलं नव्हतं. मग मिळतं काय? हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीचे आकडे कुठून कसे येतात हे दिसतं, इंड-एएस (मोठ्या कंपन्यांना लागू असलेले हिशेबाचे नियम) प्रत्यक्ष वापरात दिसतं, आणि पुराव्यावर बोट ठेवून लिहायची सवय लागते. ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. गावाकडच्या ऑफिसात "शेठला विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे" यावर पुष्कळ काम निघतं. मोठ्या फर्ममध्ये कोणाला, कधी विचारलं, ते काय म्हणाले आणि त्याला कागद कोणता, हे फाइलमध्ये आल्याशिवाय काम झालं असं कोणी मानत नाही.

पुढे जळगावात प्रॅक्टिसच करायची आहे, वडिलांची किंवा काकांची फर्म आहे, असं असेल तर मी गावात राहा म्हणेन. कंपनीत नोकरी, सीएफओ व्हायचं डोक्यात आहे तर बाहेर पडा. दोन्ही हवं असेल तर मधल्या आकाराची पुण्या-नाशिकची फर्म बघा, तिकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

निवड कशी होते? माझं इंग्रजी कच्चं आहे.

इंटरची परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. निकालानंतरचे पहिले काही दिवस महत्त्वाचे, कारण जागा तेव्हाच भरतात. फर्मच्या करिअर पोर्टलवर अर्ज करा, इन्स्टिट्यूटच्या आर्टिकलशिप पोर्टलवर नाव टाका, आणि आत असलेल्या सीनियरला बायोडाटा पाठवायला संकोचू नका. त्यात वशिला नाही, सगळ्या देशातली मुलं हेच करतात. दोन्ही ग्रुप पहिल्याच प्रयत्नात निघालेल्यांना आधी बोलावतात. मग बहुतेक ठिकाणी ऑनलाइन चाचणी आणि एक-दोन मुलाखती.

इंग्रजीचं भय वाजवीपेक्षा जास्त आहे. उच्चारावर कोणी मार्क कापत नाही. आकडा सांगून त्यामागचं कारण सांगता येतं का, ते बघतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, घरचा किंवा शेजारचा एक धंदा पक्का करून जा. रावेर-यावलकडचे असाल तर केळीचा. शेतातून घड कापला की वजन कुठे होतं, भाव कोण ठरवतं, ट्रकमध्ये नासाडी किती धरतात, व्यापाऱ्याचे पैसे किती दिवसांनी येतात. शेतकऱ्याचं केळीचं उत्पन्न करमुक्त, मग त्याच केळीवर व्यापाऱ्याचा नफा करपात्र का? असा प्रश्न आला की जळगावच्या पोराचं इंग्रजी आपोआप सुधारतं. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" पाठ करण्यापेक्षा हे बरं.

पहिल्या काही आठवड्यांत काय काम देतात?

वाउचिंग. कंपनी खर्चाच्या हजारो नोंदींची यादी देते, त्यातून नमुना निवडतात, आणि प्रत्येक नोंदीचं बिल, मंजुरी आणि पेमेंट तुम्ही बघता. सोबत लेजर स्क्रुटिनी, बँकेच्या आणि देणेकऱ्या-घेणेकऱ्यांच्या कन्फर्मेशनचा (बाकी बरोबर असल्याच्या लेखी उत्तराचा) पाठपुरावा, मागच्या वर्षीची फाइल उघडून या वर्षीचे आकडे भरणं. एक्सेल रोज लागतं; पिव्होट, एक्सलुकअप, समइफ्स हे जायच्या आधीच हातात बसवा. फर्मचं स्वतःचं ऑडिट सॉफ्टवेअर असतं, केपीएमजीचं क्लारा, ईवायचं कॅनव्हास, पीडब्ल्यूसीचं ऑरा. ते तिथेच शिकवतात, त्याची चिंता नको.

हे काम कारकुनी वाटतं आणि कंटाळा येतो, हे खरं आहे. पण बँक कन्फर्मेशनचं उदाहरण घ्या. पत्र ऑडिटरनेच पाठवायचं आणि उत्तर थेट ऑडिटरकडेच यायला हवं, कंपनीच्या माणसाच्या हातून नको, असा नियम आहे. पोरांना वाटतं, कंपनीच्या अकाउंट्सवाल्याने आणून दिलं तर काय बिघडलं? जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, तेव्हा ताळेबंदात दाखवलेली बँकेतली ५,००० कोटींहून जास्त रक्कम अस्तित्वातच नव्हती. कन्फर्मेशन कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या ईमेलवरून आलं हे तपासायचं काम आर्टिकलकडेच असतं.

३१ मार्चला स्टॉक मोजायला पाठवतात म्हणे. तिथे नेमकं काय करायचं?

हा माझा आवडता विषय, आणि खानदेशातली मुलं इथे भाव खाऊन जातात.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. मोजणी कंपनीची असते. आपण ती कशी चालली आहे ते बघतो आणि काही माल स्वतः मोजून पडताळतो. समजा सूतगिरणीचं गोदाम आहे आणि रुईच्या गाठींची थप्पी लागली आहे. स्टोअरकीपर सांगतो, लांबीला १०, रुंदीला ६, उंचीला ८, म्हणजे ४८० गाठी. गाठीचं ठरलेलं वजन १७० किलो, म्हणजे ८१,६०० किलो रुई. शहरातला मुलगा तीन बाजू मोजतो, गुणाकार करतो आणि टिक मारतो. जिनिंगच्या आवारात लहानाचा मोठा झालेला मुलगा आधी थप्पीवर चढतो. कारण मधला भाग पोकळ असू शकतो. वरचा एक थर सलग ठेवून खालचे सात थर मधोमध ३ बाय २ ने रिकामे ठेवले असतील, तर ४२ गाठी, म्हणजे ७,१४० किलो, फक्त कागदावर आहेत. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. कधी हमालांनी मधूनच माल काढलेला असतो आणि नोंद राहून गेलेली असते. पण ते वर चढून मधली एखादी गाठ बाजूला करायला लावल्याशिवाय कळत नाही.

मग दोन्हीकडून जुळवायचं. यादीतली गाठ गोदामात सापडते का, आणि गोदामात दिसणारी गाठ यादीत आहे का. दुसरी बाजू मुलं हमखास विसरतात, आणि लपवलेला किंवा दुसऱ्याचा ठेवलेला माल त्याच बाजूने सापडतो. गाठीवरचा लॉट नंबर आणि प्रेस नंबर उतरवून घ्या, नुसता आकडा नको. शेवटचा गेटपास, शेवटचं चलन, शेवटची काटापावती यांचे नंबर त्याच वेळी टिपा, फोटो काढायला परवानगी असेल तर काढा. ३१ मार्चच्या रात्री निघालेला ट्रक या वर्षीच्या विक्रीत धरला आहे की पुढच्या, याचा निकाल जूनमध्ये त्या नंबरांवरच लागतो.

आणि ढोबळ हिशेब मनात असू द्या. १०० क्विंटल कापसातून ३३ ते ३५ क्विंटल रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. कंपनीच्या कागदावर ४० दिसत असेल तर मॅनेजरला दाखवा. असं प्रमाण ज्याच्या डोक्यात आधीच असतं त्याला टीममध्ये पटकन मान मिळतो, मग त्याने ते कॉलेजात शिकलेलं असो की आबांच्या मागे मोटारसायकलवर बसून जिनिंगला जाता-जाता.

मॅनेजरला नावाने हाक मारायची म्हणतात. जमत नाही.

पहिला आठवडा जड जातो. चाळिशीच्या पार्टनरला नुसतं नावाने हाक मारायची म्हणजे आपल्याकडे घरात सांगायची सोय नाही. पण तिथे "सर, सर" केलं की उलट तेच अवघडतात. क्लायंटकडे मात्र वेगळं. कारखान्यातल्या स्टोअरकीपरला "भाऊ" म्हणा, पंचावन्न वर्षांच्या अकाउंट्स मॅनेजरला "साहेब" किंवा "सर" म्हणा, काम लवकर होतं.

यातून खरी अडचण वेगळीच निघते, आणि आपल्याकडची मुलं मागे पडतात ती इथे. मोठ्या माणसाला उलट प्रश्न विचारायचा नाही, हे आपल्यात मुरलेलं असतं. क्लायंट म्हणाला "हे दर वर्षी असंच असतं" की आपण वही मिटतो. ऑडिटमध्ये तिथून पुढे विचारायला लागायचं असतं: दर वर्षी असंच म्हणजे कसं, कोणी ठरवलं, त्याचा कागद दाखवता का? आवाज न चढवता, चेहरा न पाडता हे विचारायची सवय करावी लागते. तसंच स्वतःच्या सीनियरला. काम समजलं नाही तर पहिल्या तासात विचारलं की कोणी काही बोलत नाही. तीन दिवस बसून चुकीचं करून दाखवलं की बोलतात, आणि बरंच बोलतात.

कन्सल्टिंगमध्ये इंटर्न काय करतात?

माहिती गोळा करणं, एक्सेलमध्ये मांडणं, स्लाइड बनवणं, बैठकीची टिपणं काढणं. सरकारी प्रकल्पांवर या फर्मची माणसं मंत्रालयात, महापालिकांत बसलेली असतात. तिथे शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ सांगता येणारा, सातबारा वाचता येणारा, तालुक्याच्या ऑफिसात फोन करून मराठीत बोलणारा इंटर्न मिळाला तर टीम त्याला सोडत नाही. ही जमेची बाजू बायोडाटात लिहा; मुलं "भाषा : मराठी" एवढं लिहून मोकळी होतात.

रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं हे खरं का? आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी येता येईल का?

खरं आहे, पण बारा महिने नाही. लिस्टेड कंपनीला वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, म्हणजे ३० मेपर्यंत. त्यामुळे एप्रिल-मे हा ऑडिटचा ऐन हंगाम, आणि आखाजी नेमकी त्यातच येते. घरची लग्नंही त्याच दिवसांत. बहिणीच्या लग्नाची तारीख फेब्रुवारीतच मॅनेजरच्या कानावर घाला, लेखी सुट्टी टाका. तेव्हा कोणी नाही म्हणत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक मागितली तर वाद होतो. तिमाही निकालांना ४५ दिवस असतात, म्हणून श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमारासही धावपळ असते, १४ ऑगस्ट ही त्याची शेवटची तारीख. दिवाळी साधारण निभावते. टॅक्सवाल्यांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरला.

इन्स्टिट्यूटच्या नियमात आठवड्याला ३५ तास काम धरलेलं आहे. हंगामात ते पाळलं जात नाही, आणि हे कोणी उघड बोलत नाही. सलग काही आठवडे झोप होत नसेल, जेवण सुटत असेल, तर "सगळेच करतात" म्हणून गप्प बसू नका. आधी सीनियरला सांगा, नाही ऐकलं तर एचआरला लेखी कळवा, आणि घरी तर पहिल्या दिवशीच सांगा. तब्येतीपुढे दोन वर्षांचा शिक्का काही मोठा नाही.

सुट्ट्या किती? फायनलचा अभ्यास कधी करायचा?

नव्या योजनेत वर्षाला १२ दिवस. कमी वाटतात, कमीच आहेत. त्याच्या बदल्यात आर्टिकलशिप संपल्यावर फायनलच्या आधी सहा महिने अभ्यासाला मिळतात. जास्त सुट्ट्या घेतल्या तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात आणि परीक्षेचा मुहूर्त हुकू शकतो. हंगाम नसताना सकाळी दोन तास पुस्तक उघडलं तरी पुष्कळ. हंगामात मी कोणाला अभ्यास करताना पाहिलं नाही.

स्टायपेंडमध्ये भागतं का?

इन्स्टिट्यूटने किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येनुसार ठरवून दिला आहे. मोठ्या फर्म त्याहून बरंच जास्त देतात. तरी मुंबईत दादर, लोअर परळ, गोरेगावकडे ऑफिस असेल तर कॉटच्या भाड्यात मोठा वाटा जातो. पुण्यात येरवडा, विमाननगर, कोरेगाव पार्ककडे ऑफिस आणि खोली स्वस्त म्हणून कात्रजला, असं करू नका. हंगामात रात्री घरी जाताना कळतं. घरून पहिले काही महिने थोडे पैसे लागतील, हे आधीच बोलून घ्या. प्रवासाचं आणि क्लायंटकडच्या जेवणाचं बिल फर्म देते, पावत्या ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर शेवभाजी पुण्यात मिळते, भरीत-कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी सहज मिळत नाही. हिवाळ्यात गावाहून पाहुणा यायचा असला की कळणं मागवा.

वडिलांच्या नावावर शेअर आहेत. अडचण येईल का?

लपवलेत तर येईल. रुजू होताना स्वतंत्रतेचं डिक्लरेशन, म्हणजे ज्यांचं ऑडिट करायचं त्या कंपन्यांत आपला पैसा गुंतलेला नाही याचं, भरून घेतात. त्यात तुमच्या आणि कोणकोणत्या नातेवाइकांच्या गुंतवणुकी मागितल्या आहेत ते नीट वाचा, घरी फोन करून डीमॅटची यादी घ्या आणि जे आहे ते लिहा. गरज पडली तर त्या कंपनीच्या कामावर तुम्हाला घालत नाहीत, एवढंच.

त्याहून जास्त सांभाळायचं ते तोंड. लिस्टेड कंपनीचे निकाल जाहीर होण्याआधी तुम्हाला माहीत असतात. "यंदा कसा आहे रे नफा?" असं मामाने सहज विचारलं आणि तुम्ही सहज सांगितलं, तरी सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमात तो गुन्हा ठरू शकतो. क्लायंटच्या गेटवरची सेल्फी इन्स्टावर नको, कागदाचा फोटो कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावू नका.

दोन वर्षांत कंटाळा आला तर फर्म बदलता येते?

सहजासहजी नाही. ट्रान्सफरला नियम आहेत आणि प्रिन्सिपलची संमती लागते. त्यापेक्षा शेवटच्या वर्षात इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा पर्याय बघा. ९ ते १२ महिने एखाद्या कंपनीच्या फायनान्स विभागात काढता येतात. तसा विचार असेल तर आधीच सांगून ठेवावं लागतं.

आणि कागदपत्रं?

रुजू झाल्यापासून ३० दिवसांत १०२ आणि १०३ नंबरचे फॉर्म इन्स्टिट्यूटकडे जायला हवेत. मोठ्या फर्ममध्ये एचआर ते बघतं, तरी पोर्टलवर स्वतः लॉगिन करून मंजूर झालं का ते तपासा. सोबत बी.कॉम. करत असाल तर ११२ नंबरच्या फॉर्मची परवानगी घ्या, आणि कॉलेजच्या वेळा ऑफिसच्या वेळेत येत नाहीत ना ते बघा. शेवटी १०८ नंबरचा फॉर्म भरून घेतल्याशिवाय गावी निघू नका. तो राहिला तर एका सहीसाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते.